संघ फॉर्मात आहे, हे आकड्यांवरून कसे ओळखावे?

तुमच्या प्रश्नाचा आशय असा आहे: गेल्या सहा आठवड्यांत प्रत्येक व्यावसायिक संघाने मिळवलेले यूसीआय गुण आणि विजय यांची बेरीज करून तुम्ही संघांची क्रमवारी लावता, टूर द फ्रान्ससारख्या मोठ्या शर्यतीआधी त्यावरून अंदाज बांधता आणि तो अंदाज पुन्हा पुन्हा चुकतो. तेव्हा सहाऐवजी तीन आठवडे घ्यावेत की दहा, अलीकडच्या शर्यतींना जास्त भार द्यावा का, की एखादे गुंतागुंतीचे मॉडेल वापरावे, असे तुम्ही विचारता. तुम्ही संख्याशास्त्राचे विद्यार्थी आहात, त्यामुळे प्रश्न नेमका मांडला आहे. मी पुण्यात रस्त्यावरच्या शर्यतींसाठी सायकलपटू तयार करतो, त्यांच्या पॉवर मीटरच्या (पेडलवर पडणारी ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) नोंदी वाचणे हे माझे रोजचे काम आहे, आणि युरोपातल्या शर्यतींच्या नोंदी मी अनेक वर्षे ठेवत आलो आहे. या दोन्ही कामांतून माझे मत असे झाले आहे की अडचण कालावधीच्या लांबीत नाही. तुम्ही ज्याची बेरीज करता, त्यातून संघाचा फॉर्म मोजलाच जात नाही. निकाल एकाच्या नावावर लागतो, पण टूरमध्ये संघ आठ जणांचा असतो, आणि त्यांतल्या सहा-सात जणांनी दिवसभर काय केले हे निकालपत्रकात कुठेही येत नाही.

आधी गुणांकडे पाहू. यूसीआय, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघ, हे गुण ताकद मोजण्यासाठी देत नाही. वर्ल्डटूर, म्हणजे सर्वोच्च श्रेणी, तिचे १८ परवाने तीन-तीन वर्षांच्या गुणांवरून ठरतात, आणि परवाना गेला की मोठ्या शर्यतींतला हमखास प्रवेश जातो, प्रायोजक बिचकतात, चांगले सायकलपटू दुसरीकडे वळतात. त्यामुळे गुणांचा तक्ता जसा असेल तसे संघ वागतात. २०२० ते २०२२ या पहिल्या आवर्तनात टूर द फ्रान्सचा एक टप्पा जिंकला तर १२० गुण मिळत, आणि १.१ दर्जाची एखादी छोटी एकदिवसीय शर्यत जिंकली तर १२५ (यातला पहिला आकडा १ असेल तर शर्यत एकदिवसीय, २ असेल तर अनेक दिवसांची; दुसरा आकडा दर्जाचा). तेव्हा घसरणीच्या भीतीने ग्रासलेल्या संघांनी आपले चांगले स्प्रिंटर छोट्या एकदिवसीय शर्यतींकडे वळवले, यात नवल नव्हते. २०२२ अखेरीस लोटो-सूदाल आणि इस्राएल–प्रीमियर टेक हे संघ खाली गेले, तर अल्पेसिन-डेकेनिंक आणि आर्केआ-सामसिक वर आले. २०२३ पासून तक्ता बदलला: टूरच्या टप्प्याला २१० गुण झाले, टूरच्या विजेत्याचे १,००० चे १,३०० झाले, आणि संघाच्या बेरजेत पहिल्या १० ऐवजी पहिल्या २० सायकलपटूंचे गुण धरले जाऊ लागले. म्हणून २०२२ आणि २०२३ ची गुणांची मालिका जोडून कोणताही निष्कर्ष काढू नये. ती दोन वेगळ्या मापांची मोजणी आहे.

एकाच तक्त्यातही विसंगती आहेत. २.१ दर्जाच्या पाच दिवसांच्या शर्यतीतला एक टप्पा जिंकला तर १४ गुण मिळतात, आणि जवळपास त्याच ताकदीच्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध १.१ दर्जाची एकदिवसीय शर्यत जिंकली तर १२५. स्प्रिंट तीच, पाय तेच, गुण नऊपट. तुमच्या सहा आठवड्यांच्या खिडकीत अशी एखादी शर्यत आली की नाही, एवढ्यावर संघ चार क्रमांक वर किंवा खाली जातो. २०२५ मध्ये एक्सडीएस-अस्ताना संघाने नेमके हेच गणित मांडले. वर्षाच्या आरंभी तीन वर्षांच्या क्रमवारीत धोक्याच्या रेषेखाली असलेला हा संघ छोट्या-मध्यम शर्यतींत एकाच वेळी तीन-चार जणांना पहिल्या दहांत आणण्याच्या बेताने उतरला आणि वर्षअखेरीस सुरक्षित जागी पोहोचला. ही कामगिरी खरी आहे, त्यामागे शिस्त आहे, आणि मला तिचे कौतुक वाटते. पण त्या गुणांवरून जुलैमधल्या आल्प्सच्या घाटात तो संघ कुठे असेल, हे सांगता येत नाही.

विजयांच्या संख्येचा प्रश्न वेगळा आहे. तिथे योगायोगाचा वाटा फार मोठा असतो. समजा, मध्यम ताकदीचा एक संघ वर्षाला २० विजय मिळवतो आणि हंगाम साधारण ४० आठवड्यांचा आहे. म्हणजे आठवड्याला सरासरी अर्धा विजय. पॉयसाँ वितरण (ठरावीक सरासरीने पण योगायोगाने घडणाऱ्या घटनांचे) गृहीत धरले तर सलग चार आठवडे एकही विजय न मिळण्याची शक्यता साडेतेरा टक्के येते. अशा ताकदीचे १८ संघ असतील, तर कोणत्याही महिन्यात त्यांतले दोन-तीन संघ काहीही न बिघडता कोरडे राहतील. प्रत्यक्षात विजय समान वेगाने येत नाहीत. अनुकूल शर्यती एकत्र आल्या की ते घोळक्याने येतात, त्यामुळे कोरडे महिने या हिशोबापेक्षाही जास्त वेळा दिसतात. ‘संघाचा फॉर्म गेला’ अशी जी ओरड होते, तिच्यातला बराच भाग एवढ्यानेच निकालात निघतो. २०१८ मधला क्विक-स्टेप, ज्याने ७३ विजय मिळवले, किंवा २०२५ मधला यूएई संघ, ज्याने ९० चा आकडा ओलांडला, अशा संघांबाबत मात्र तीन कोरडे आठवडे ही दखल घेण्याजोगी गोष्ट ठरते. म्हणजे कोरड्या काळाचा अर्थ संघाच्या नेहमीच्या वेगावरून लावावा लागतो, सर्वांना एकच कसोटी लावून चालत नाही.

तयारीच्या शर्यतींचे काय, असेही तुम्ही विचारले आहे. जूनमधली क्रितेरियम द्यू दोफिने ही टूरची रंगीत तालीम समजली जाते. २०१२ ते २०२५ या १४ वर्षांत दोफिनेचा विजेताच टूरचा विजेता ठरला, असे सात वेळा झाले: २०१२ मध्ये ब्रॅडली विगिन्स, २०१३, २०१५ आणि २०१६ मध्ये ख्रिस फ्रूम, २०१८ मध्ये गेरांट थॉमस, २०२३ मध्ये योनास विंगेगार आणि २०२५ मध्ये तादेय पोगाचार. निम्मी वर्षे म्हणजे मोठा आकडा वाटतो. पण या यादीतले बहुतेक जण दोफिने सुरू होण्याआधीच टूरचे दावेदार होते. शर्यतीने नवी माहिती किती दिली, हे पाहायचे असेल तर आधीचा अंदाज आणि नंतरचा अंदाज यांतला फरक मोजावा लागतो, आणि तो फरक फार थोड्या वर्षांत मोठा होता. उलट बाजूने पाहा: २०१४ मध्ये अँड्र्यू टॅलन्स्की आणि २०१७ व २०१९ मध्ये याकोब फुग्लसांग यांनी दोफिने जिंकली, पण टूरवर त्यांचा ठसा उमटला नाही.

याच शर्यतीत एकदा मात्र उपयुक्त माहिती अगदी समोर होती, आणि ती विजेत्याच्या नावात नव्हती. २०२२ च्या दोफिनेच्या शेवटच्या टप्प्यात, प्लातो द सोलेझोंच्या चढावर, युम्बो-विस्मा (नंतरचा विस्मा) संघाचे प्रिमोझ रोग्लिच आणि विंगेगार इतर सर्वांना मागे टाकून जोडीने अंतिम रेषेवर आले. टप्पा विंगेगारला मिळाला, शर्यत रोग्लिचला. गुणांच्या तक्त्यात ते पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाचे गुण म्हणून नोंदले गेले. पण महिनाभराने काय होऊ शकते, हे त्या दृश्यातच होते: या संघाकडे आलटून पालटून हल्ला करू शकणारे दोघे जण आहेत, आणि प्रतिस्पर्ध्याला दोघांच्याही मागे जावे लागेल.

१३ जुलै २०२२ चा टूरचा अकरावा टप्पा आता बारकाईने पाहा, कारण तुमच्या तक्त्याचे सारे दोष त्यात एकत्र दिसतात. त्या दिवशी सकाळी पिवळी जर्सी (सर्व टप्प्यांच्या एकूण वेळेत आघाडीवर असणाऱ्याची) पोगाचारच्या अंगावर होती, सहावा आणि सातवा टप्पा त्याने लागोपाठ जिंकला होता, आणि विंगेगार ३९ सेकंद मागे होता. सहा आठवड्यांचे गुण, ताजे विजय, क्रमवारी, काहीही घ्या. त्याचा यूएई संघ फॉर्मात असल्याचेच उत्तर येते. पण त्या संघाचे वेगार्ड स्टाके लेंगेन आणि जॉर्ज बेनेट हे दोघे कोविडमुळे घरी गेले होते आणि आठांचे सहा उरले होते. तेलेग्राफ आणि गालिबिये या घाटांवर रोग्लिच आणि विंगेगार यांनी आळीपाळीने हल्ले केले, आणि प्रत्येक हल्ल्याला उत्तर देण्याचे काम पोगाचारला स्वतःच करावे लागले, कारण त्या क्षणी त्याच्या जवळ त्याचा कोणीच नव्हता. त्याचा साथीदार राफाल मायका नंतर पुन्हा येऊन मिळाला आणि अखेरच्या ग्रानो घाटात पुढे लागला, पण तोवर जे पाय खर्च व्हायचे ते झाले होते. सुमारे ११ किलोमीटर लांबीच्या, ९ टक्क्यांहून अधिक चढाच्या त्या घाटात विंगेगार शेवटच्या पाच किलोमीटरांत निघून गेला आणि पोगाचारने दोन मिनिटे ५१ सेकंद गमावली. टूरचा निकाल अखेरीस दोन मिनिटे ४३ सेकंदांनी लागला. म्हणजे तीन आठवड्यांच्या शर्यतीचा सारा फरक त्या एका दुपारी पडला.

आता नोंद कशी ठेवावी, ते सांगतो. आपल्याकडे टूरचा टप्पा संपायला रात्रीचे नऊ वाजतात, त्यामुळे शेवटचा दीड तास शांतपणे पाहता येतो. मी वहीत दर टप्प्याला एक पान ठेवतो आणि त्यावर प्रमुख संघांसाठी चार रकाने आखतो. पहिल्या रकान्यात अखेरच्या घाटाच्या पायथ्याशी पुढच्या गटात त्या संघाचे किती जण आहेत. दुसऱ्यात, त्यांतल्या किती जणांनी त्याआधी किमान दहा मिनिटे घोळक्याच्या तोंडावर वारा खाल्ला आहे (पुढचा वारा अडवतो, म्हणून मागच्यांची ताकद वाचते). तिसऱ्यात, संघाचा नेता एकटा पडला तेव्हा किती किलोमीटर बाकी होते. चौथ्यात, घोळका सोडून पुढे पळालेल्या गटात त्या संघाचा कोणी आहे का, आणि तो तिथे टप्पा जिंकायला गेला आहे की मागून येणाऱ्या नेत्याची वाट पाहायला. एवढेच. हे आकडे कोणत्याही संकेतस्थळाच्या तक्त्यात आयते मिळत नाहीत, हेच त्यांचे मोल आहे. टूरमध्ये डोंगराचे सहा-सात टप्पे असतात. दोन-तीन टप्प्यांनंतर तिसऱ्या रकान्यातला आकडा संघासंघांत किती स्थिर राहतो ते पाहा. माझ्या अनुभवात तो टप्प्याच्या निकालापेक्षा कितीतरी अधिक स्थिर असतो, आणि जो आकडा स्थिर राहतो, त्यावरच पुढचा अंदाज बांधता येतो.

चौथ्या रकान्याचे महत्त्व २०२५ च्या जिरो दि इतालियाने, इटलीतल्या तीन आठवड्यांच्या शर्यतीने, दाखवून दिले. शेवटून दुसऱ्या दिवशी, ३१ मे रोजी, यूएईचा इसाक देल तोरो आघाडीवर होता, ईएफ संघाचा रिचर्ड कारापाझ ४३ सेकंद मागे होता आणि विस्माचा सायमन येट्स एक मिनिट २१ सेकंद मागे. कोल्ले देल्ले फिनेस्त्रे हा साडेअठरा किलोमीटरांचा घाट, ज्याचा वरचा भाग कच्च्या रस्त्याचा आहे, त्या दिवशी वाटेत होता. पायथ्यालाच ईएफने वेग वाढवला, कारापाझ निघाला, देल तोरो त्याच्या मागे गेला, आणि दोघांचेही मदतनीस मागे राहिले. येट्स त्या दोघांना सोडून पुढे गेला. घाटमाथ्यावर त्याची आघाडी अशी नव्हती की तिच्यावर जिरो नक्की जिंकता यावी. पण सकाळीच पळालेल्या गटातून पुढे गेलेला वाउट व्हान आर्ट घाटापलीकडे त्याच्यासाठी थांबला होता, आणि सेस्त्रिएरेच्या दिशेने जाणाऱ्या खोऱ्यात, जिथे एकट्याने वाऱ्याशी झुंजण्यात सर्वाधिक वेळ जातो, तिथे त्याने येट्सला ओढून नेले. मागे देल तोरो आणि कारापाझ पुढे कोणी लागायचे यावर अडून बसले. येट्सने जिरो तीन मिनिटे ५६ सेकंदांनी जिंकला. टप्पा ख्रिस हार्परने जिंकला आणि पहिल्या तीनांत व्हान आर्टचे नाव नाही. त्या दिवशीच्या गुणांवरून कोणी व्हान आर्टचा फॉर्म काढायला बसला, तर त्या जिरोतली सर्वांत निर्णायक कामगिरी त्याच्या हातून निसटेल.

क्रिकेटमध्ये एका टोकाने टिच्चून निर्धाव षटके पडली की दुसऱ्या टोकाला बळी मिळतात आणि धावफलकावर नाव दुसऱ्याचेच लागते. सायकलिंगमध्ये ही निर्धाव षटके मोजणारा रकाना निकालपत्रकात नाही, म्हणून तो आपण आखायचा.

मात्र केवळ डोकी मोजून भागत नाही, आणि हे मी ठासून सांगतो, कारण या पद्धतीचा मोह इथेच होतो. २०१५ च्या ओम्लोप हेट न्यूसब्लाड या बेल्जियममधल्या एकदिवसीय शर्यतीत शेवटच्या चौघांत एत्तिक्स–क्विक-स्टेपचे तिघे होते, टॉम बोनेन, निकी टेर्पस्त्रा आणि स्टाइन व्हान्डेनबर्ग, आणि शर्यत जिंकली चौथ्याने, स्काय संघाच्या इयन स्टॅनर्डने. दहा वर्षांनी द्वार्स दोर व्लान्देरेन या तशाच शर्यतीत तेच घडले: विस्माचे व्हान आर्ट, तीश बेनोट आणि मॅटिओ जॉर्गन्सन हे तिघे आणि ईएफचा नीलसन पॉवलेस एकटा, आणि स्प्रिंटमध्ये पॉवलेस पुढे. सपाट शेवटाच्या एकदिवसीय शर्यतीत तिघांपैकी दोघांनी आलटून पालटून हल्ले करायचे असतात, म्हणजे एकट्याला दर वेळी उत्तर द्यावे लागते. तिघांनीही एकासाठी गाडी ओढली तर चौथा फुकट आडोशाला बसतो आणि ताजा राहतो. तेव्हा संख्याबळ ही संधी आहे. ती वापरण्याची पद्धत वेगळी नोंदावी लागते. माझ्या वहीत एकदिवसीय शर्यतींच्या पानावर म्हणूनच ‘किती जण’ याच्या शेजारी ‘हल्ला कोणी केला’ हा रकाना असतो.

स्प्रिंटच्या टप्प्यांबाबत थोडक्यात: २०२३ च्या टूरमध्ये यास्पर फिलिप्सनने चार टप्पे जिंकले, आणि शेवटच्या किलोमीटरात त्याला नेऊन सोडण्याचे काम मातियु व्हान डर पूलने केले. व्हान डर पूलच्या नावावर त्या टूरमध्ये एकही टप्पा नाही. टूर संपल्यावर दोन आठवड्यांनी ग्लासगोत तो जगज्जेता झाला. त्याचा फॉर्म तीन आठवडे सगळ्यांना दिसत होता, पण निकालाच्या रकान्यात तो फिलिप्सनच्या नावावर जमा होत होता. स्प्रिंटच्या संघासाठी मी एवढेच नोंदवतो की एक किलोमीटर उरला असताना स्प्रिंटरच्या पुढे त्याचे किती साथीदार आहेत आणि स्प्रिंट उघडताना तो वाऱ्यात कितव्या जागी आहे.

आता मॉडेलकडे येतो. तुम्ही अंतिम क्रमांक ही संख्या म्हणून वापरता, आणि तिथे दोन गोष्टी बिघडतात. पहिली, काम संपलेला सायकलपटू पाय आखडता घेतो. मिलान–सान रेमोसारख्या तीनशे किलोमीटरांच्या आसपासच्या शर्यतीत सकाळपासून दोनशे किलोमीटर घोळका ओढणारा मदतनीस चिप्रेसा या शेवटाकडच्या चढाच्या आधी बाजूला होतो आणि ९० व्या क्रमांकावर येतो किंवा शर्यत सोडून देतो. क्विक-स्टेपचा टिम डेक्लेर्क, ज्याला सगळे ‘एल ट्रॅक्टर’ म्हणत, वर्षानुवर्षे हेच काम करत असे. त्याच्या क्रमांकांची सरासरी काढून त्याचे मूल्यमापन केले तर क्विक-स्टेप त्याला संघात का ठेवत असे, हे कोडेच वाटेल. म्हणून पहिले १५ किंवा २० क्रमांकच खरे धरावेत आणि उरलेल्यांबद्दल ‘यांच्या मागे आले’ एवढीच माहिती मानावी. प्लॅकेट–ल्यूस या क्रमवारींसाठीच्या मॉडेलमध्ये हे सहज करता येते, कारण त्यात वरचे काही क्रमांक घेऊन बाकीचे उघडे ठेवण्याची सोय आहे. दुसरी गोष्ट, शर्यत सोडणे ही यादृच्छिक गळती नाही. कोणी पडून जखमी होतो, कोणी आजारी पडतो, कोणी पुढच्या शर्यतीसाठी ठरवून थांबतो, कोणी काम संपवून संघाच्या बसमध्ये बसतो. या चारांचा अर्थ चार प्रकारचा आहे, आणि चारांनाही निकालपत्रकात एकच खूण मिळते. निदान पडणे-आजारपण आणि ठरवून थांबणे एवढी विभागणी तरी बातम्या वाचून करा.

याशिवाय एकाच संघातल्या सायकलपटूंचे निकाल परस्परांपासून स्वतंत्र नसतात. २०२३ मध्ये युम्बो-विस्माने तिन्ही ग्रँड टूर, म्हणजे तीन आठवड्यांच्या मोठ्या शर्यती, जिंकल्या, जिरो रोग्लिचने, टूर विंगेगारने आणि व्हुएल्ता सेप कुसने, आणि असे करणारा तो पहिला संघ ठरला. कुस त्या वर्षी तिन्ही शर्यतींत उतरला होता, पहिल्या दोन्हींत मदतनीस म्हणून, आणि टूरमध्ये तो बारावा आला होता. व्हुएल्तात पळालेल्या गटातून त्याला वेळ मिळाला आणि भूमिका बदलली. शेवटी तो पहिला, विंगेगार दुसरा आणि रोग्लिच तिसरा. बारावा क्रमांक ही त्याच्या ताकदीची मर्यादा नव्हती, ती त्याला दिलेल्या कामाची मर्यादा होती. मॉडेलमध्ये ‘भूमिका’ हे चल नसेल, तर कितीही बारीक भार दिले तरी ही चूक निघत नाही.

घाटातल्या वेळांचा मोह तुम्हाला लवकरच होईल, म्हणून त्याबद्दल आधीच लिहितो. चढाचा वेग ताशी किती मीटर उंची चढली या मापात सांगतात: ६०० मीटरचा चढ अर्ध्या तासात चढला तर ताशी १,२०० मीटर. पुण्यात सिंहगड किंवा बोपदेव घाटात नियमित जाणाऱ्या कोणालाही हे माप ओळखीचे आहे. २०२४ च्या टूरमध्ये पोगाचारने प्लातो द बेई हा घाट मार्को पान्तानीच्या १९९८ मधल्या वेळेपेक्षा साडेतीन मिनिटांच्या आसपास लवकर चढला, आणि ही खरोखर थक्क करणारी गोष्ट आहे. पण त्याआधी विस्मा संघाने दिवसभर किती वेगाने नेले, घाटात आडोसा कुठवर मिळाला, वारा कोणत्या दिशेचा होता, रस्ता आणि सायकली किती बदलल्या, या सगळ्यांचा हिशोब केल्याशिवाय दोन वर्षांतल्या वेळांची तुलना करू नये. माझ्याकडची मुले बोपदेव घाटात एकाच आठवड्यात, सारख्याच पॉवरने, सकाळी आणि संध्याकाळी चढतात तेव्हा केवळ वाऱ्यामुळे वेळेत अर्ध्या मिनिटाहून अधिक फरक पडलेला मी नोंदींत पाहतो, आणि तो घाट आल्प्सच्या मानाने छोटा आहे. एकाच दिवशी, एकाच घाटात, एकाच गटातल्या लोकांची तुलना मात्र निर्धास्त करावी.

माझ्या मुलांसाठी मी सरावाचा ४२ दिवसांचा दीर्घ भार आणि सात दिवसांचा तात्कालिक भार यांतला फरक रोज पाहतो, कारण त्यांच्या प्रत्येक सरावाची फाइल माझ्याकडे असते. युरोपातल्या संघांच्या अशा फाइल्स तुमच्याकडे नसणार. शर्यतीच्या दिवसांची संख्या त्याऐवजी वापरण्याची पद्धत आहे, पण ती जपून वापरा. २०२३ मध्ये लिएज–बास्तोन्य–लिएज या शर्यतीत पोगाचारचे मनगट मोडले, टूरपूर्वी त्याच्या शर्यती फार थोड्या झाल्या, आणि तिसऱ्या आठवड्यात तो कोसळला: कोंब्लूच्या टाइम ट्रायलमध्ये (प्रत्येकाने एकट्याने, घड्याळाविरुद्ध चालवायच्या टप्प्यात) एक मिनिट ३८ सेकंद गेले आणि दुसऱ्या दिवशी कोल द ला लोझवर शर्यतच हातची गेली. २०२४ मध्ये बास्क प्रांतातल्या शर्यतीत पडून विंगेगारची हाडे मोडली, फुप्फुसाला इजा झाली, आणि एप्रिलपासून एकही शर्यत न करता तो थेट टूरला उतरला. शेवटी तो दुसरा आला, सहा मिनिटे १७ सेकंद मागे. त्याच वर्षी पोगाचारही जिरो जिंकल्यावर टूरपर्यंत कोणत्याच शर्यतीत नव्हता, आणि त्याने दोन्ही जिंकल्या. शर्यत न करण्याची तीन कारणे तीन वेगळे निकाल देतात. ‘अलीकडची शर्यत नाही’ या रिकाम्या रकान्यात शून्य भरणे ही तुमच्या तक्त्यातली सर्वांत महागात पडणारी गोष्ट आहे, आणि ती सर्वांत आधी दुरुस्त करावी.

सुरुवात कुठून करावी, याचे उत्तर पुण्यात सोपे झाले आहे. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही यूसीआयच्या २.२ दर्जाची अनेक दिवसांची शर्यत पुणे जिल्ह्यातल्या रस्त्यांवर झाली. या दर्जाच्या शर्यतीत एकूण विजेत्याला ४० गुण आणि टप्प्याला सात गुण मिळतात, त्यामुळे गुणांवरून तिथे काहीच हाती लागत नाही. पण घाटाच्या मध्यावर रस्त्याकडेला उभे राहून कोणत्या संघाचे किती जण पहिल्या गटात वर आले, हे डोळ्यांनी मोजता येते, आणि दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर राहणारे सायकलपटूही दिसतात. मुंबई–पुणे शर्यतीत बोर घाटात ‘घाटाचा राजा’ ठरतो तेव्हाही राजाच्या मागच्या वीस जणांच्या जर्सी लिहून घ्या. पुण्यात कोण जिंकणार याचा अंदाज राजाच्या नावापेक्षा त्या वीस जर्सींवरून अधिक चांगला बांधता येतो.

मॉडेल तपासताना तुलना शून्याशी करू नका. सगळ्या संघांसाठी ‘गेल्या वर्षी जितके, तितकेच या वर्षी’ असा साधा अंदाज बांधा आणि तुमच्या मॉडेलने दिलेल्या शक्यतांचा लघुगणकी गुणांक (लॉग स्कोअर, म्हणजे शक्यता प्रत्यक्ष निकालाशी किती जुळल्या याचे माप) त्या साध्या अंदाजाच्या गुणांकाशी ताडून पाहा. आधी केवळ गुणांचा तक्ता, मग त्यात भूमिका, मग नेता एकटा पडल्याचे अंतर, असे एकेक चल वाढवत जा आणि प्रत्येक पायरीला गुणांक सुधारतो का ते लिहून ठेवा. २०२२ चा टूर आणि २०२५ चा जिरो या दोन शर्यतींचे डोंगराचे टप्पे पूर्ण पाहून वहीची पाने भरली, तर ही तपासणी सुरू करण्यापुरती सामग्री तुमच्याकडे होईल. नेता एकटा पडल्याच्या अंतराने तुमच्या आकडेवारीत काही फरक पडला नाही, तर ते चल काढून टाका आणि मला ती आकडेवारी जरूर पाठवा.